नको म्हणण्याचा हक्क

ब्राउझरच्या माथ्यावर पूर्वी ठसठशीत बटणं असायची. बॅक, फॉरवर्ड, स्टॉप, रिफ्रेश, होम. त्यांतलं स्टॉप, म्हणजे इंटरनेट एक्सप्लोररमधली ती लाल फुली, आम्ही जितकी वापरली तितकी पुढच्या कुणी वापरली असेल असं वाटत नाही. डायल-अपवर फोनचं मीटर पडत असायचं. पानातला मजकूर आधी यायचा आणि चित्रं मागून, वरून खाली, सावकाश उलगडत बसायची. मजकूर हाती लागला की स्टॉप. बातमी वाचायची होती, शेजारच्या जाहिरातीतली मोटार बघायची नव्हती. सायबर कॅफेत तासावर पैसे मोजणारी पोरंही हे कुणी न शिकवता शिकली. आता ते बटण रिलोडच्याच जागी क्षणभर फुली होऊन दिसतं आणि कुणाचं लक्ष जायच्या आत नाहीसं होतं.

ती फुली पानाच्या बाहेरची, वापरणाऱ्याच्या हातातली. आमचा धंदा पानाच्या आतला. पानानं सर्व्हरकडे काही मागितलं, उत्तर यायच्या आतच ते नकोसं झालं, तर काय करायचं? दिसायला एवढासा प्रश्न. मी जावास्क्रिप्ट लिहायला लागलो तेव्हा त्याचं उत्तर एका ओळीचं होतं. आज त्यावर अख्खी दुपार जाते, आणि ती दुपार वाया गेली असं मला वाटत नाही.

मायक्रोसॉफ्टमध्ये एक्सचेंजवर काम करणाऱ्यांना आउटलुकची मेल ब्राउझरात दाखवायची होती. पान पुन्हा न उघडता सर्व्हरशी बोलता यावं म्हणून त्यांनी केलेला एक्सएमएलएचटीटीपी नावाचा तुकडा मार्च १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ बरोबर बाहेर पडला. मोझिलानं त्याच धर्तीवर आपला एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट ब्राउझरातच बसवला. आम्ही सगळे त्याला एक्सएचआर म्हणायचो. काही वर्षं तो कुणाच्या खिजगणतीत नव्हता. मग २००४ मध्ये जीमेल आलं, फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स आला, आणि त्याच महिन्यात जेसी जेम्स गॅरेट यांनी या सगळ्या पद्धतीला 'एजॅक्स' असं नाव दिलं. पुण्यातल्या कंपन्यांमध्ये मुलाखतीला गेलं की पहिल्या पाच मिनिटांत 'एजॅक्स केलंय का?' हा प्रश्न यायचा. 'केलंय' म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ते आदल्या रात्री केलेलं असायचं.

या एक्सएचआरला तीन महत्त्वाची कामं येत: ओपन, सेंड आणि अ‍ॅबॉर्ट. उघडा, पाठवा, सोडून द्या. थांबवण्याची सोय मागाहून जोडलेली नव्हती, पहिल्यापासून अंगातच होती. पुढे काय झालं ते बघता हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे.

त्या काळी प्रत्येक क्लायंटला हवी असलेली गोष्ट म्हणजे लिहिता लिहिता खाली यादी दाखवणारी चौकट. गावाचं नाव लिहा, खाली गावं दिसतील. मराठी युनिकोड तेव्हा बहुतेकांच्या यंत्रावर चालू केलेलं नसायचं, त्यामुळे गावंही रोमन लिपीत. 'एस', 'ए' एवढं लिहिलं की सांगली, सासवड, सावंतवाडी, सातारा असा लोंढा. त्यापुढे 'टी' लिहिला की उरायचे सातारा आणि सटाणा. प्रत्येक अक्षराला एक रिक्वेस्ट. आता गंमत अशी की दोन अक्षरांची यादी मोठी म्हणून उशिरा यायची, तीन अक्षरांची छोटी म्हणून आधी. चौकटीत 'सात' आणि खाली सांगलीपासून सुरू होणारी यादी. क्लायंट म्हणायचा, 'तुमचं सर्च चुकतंय.' सर्च चुकत नसायचं. जुनं उत्तर नव्या उत्तराच्या डोक्यावर येऊन बसायचं.

शिवाय कोंडी होती. १९९९ च्या एचटीटीपी १.१ च्या मसुद्यात एका सर्व्हरशी एका वेळी दोनपेक्षा जास्त कनेक्शन ठेवू नयेत असं म्हटलं होतं आणि इंटरनेट एक्सप्लोरर ६ ते निष्ठेनं पाळायचा. दोन रिक्वेस्ट अडकल्या की तिसरी रांगेत. म्हणजे अ‍ॅबॉर्ट ही शोभेची गोष्ट नव्हती. जुनी रिक्वेस्ट सोडली नाही तर नवीला वाटच मिळायची नाही. इंटरनेट एक्सप्लोरर ८ नं ही मर्यादा सहावर नेली तेव्हा आमच्या अनेक युक्त्या एका दिवसात निरुपयोगी झाल्या.

तेव्हाचा कोड असा असायचा: पानावर एक ग्लोबल व्हेरिएबल, त्यात चालू रिक्वेस्ट. नवी पाठवायच्या आधी त्यात काही आहे का बघा, असेल तर अ‍ॅबॉर्ट करा. बस्स. कोणाला विचारायचं नाही, कोणाला कळवायचं नाही. त्यातही एक खाच होती. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये अ‍ॅबॉर्ट केल्यावरसुद्धा 'काम पूर्ण झालं' असा कॉलबॅक यायचा, आणि त्यात स्टेटस वाचायला गेलं की एरर फेकली जायची. म्हणून अ‍ॅबॉर्टच्या आधी तो कॉलबॅक काढून टाकायचा. पण काढायचा कसा? तिथे नल ठेवलं की इंटरनेट एक्सप्लोरर ६ 'टाइप मिसमॅच' म्हणून रुसायचा. मग काहीच न करणारं रिकामं फंक्शन ठेवायचं. पुढे जेक्वेरी या लायब्ररीच्या कोडमध्येही ते रिकामं फंक्शन बघितलं तेव्हा जुना मित्र भेटल्यासारखं झालं.

अनुभवी माणसं अ‍ॅबॉर्टच्या जोडीला एक आकडाही ठेवायची. प्रत्येक रिक्वेस्टला वाढता क्रमांक. उत्तर आलं की त्याचा क्रमांक शेवटच्या क्रमांकाशी जुळतो का ते बघायचं. नाही जुळला तर गुपचूप फेकून द्यायचं. अ‍ॅबॉर्ट वाट मोकळी करतो, क्रमांक खरेपणा राखतो. ही दोन वेगळी कामं आहेत हे त्या काळात ज्याला कळलं त्याला पुढचा सगळा इतिहास सोपा गेला. मी आजही नवीन कोड वाचताना आधी तो क्रमांक, किंवा त्याचं काम करणारं काहीतरी, शोधतो.

दुसऱ्या डोमेनवरून माहिती आणायची तर जेएसओएनपी. पानात एक स्क्रिप्ट टॅग घालायचा, सर्व्हर तुमच्याच फंक्शनच्या नावानं हाक मारणारी स्क्रिप्ट परत पाठवतो. हिला थांबवायची सोय नव्हती. टॅग पानातून उपटला तरी स्क्रिप्ट एकदा निघाली की येऊन हाक मारायचीच. मग ते फंक्शन रिकामं करून ठेवायचं आणि हाक येऊन जाऊ द्यायची. थांबवता न येणाऱ्या गोष्टीला 'थांबली' असं कसं म्हणायचं, हा प्रश्न पहिल्यांदा तिथे पडला.

२००६ मध्ये जॉन रेसिग यांचं जेक्वेरी आलं आणि ब्राउझरांची भांडणं त्यानं आपल्या अंगावर घेतली. जेक्वेरीचा ऑब्जेक्टही अ‍ॅबॉर्ट जाणायचा. फक्त अ‍ॅबॉर्ट केलेली रिक्वेस्ट एररच्या कॉलबॅकमध्ये यायची, 'अ‍ॅबॉर्ट' असा शेरा घेऊन. तो शेरा वाचायचे फार थोडे. म्हणून त्या काळातल्या असंख्य वेबसाइटींवर एक चमत्कार दिसायचा: दुसऱ्या लिंकवर क्लिक करून तुम्ही पान सोडता आहात, आणि जाता जाता 'काहीतरी चुकलं आहे, पुन्हा प्रयत्न करा' अशी खिडकी उघडते. चुकलेलं काहीच नसायचं. तुम्ही निघालात म्हणून ब्राउझरनं उरलेल्या रिक्वेस्ट तोडल्या, आणि पान त्याला अपघात समजलं. फायरफॉक्समध्ये नुसती एस्केप दाबली तरी पानामागं चाललेल्या रिक्वेस्ट तुटायच्या. वापरणारा पॉप-अप बंद करायला एस्केप दाबतो आणि मागं सगळं निपचित पडतं! ते कारण शोधताना आमच्यापैकी कित्येकांनी नेटवर्कवाल्यांना विनाकारण छळलं असेल.

मग प्रॉमिस आलं.

कॉलबॅकमध्ये कॉलबॅक, त्यात आणखी कॉलबॅक, असा उजवीकडे कलत जाणारा कोड ज्यांनी लिहिला नाही त्यांना प्रॉमिसचं अप्रूप समजणार नाही. 'उत्तर पुढे कधीतरी येईल' ही गोष्ट हातात धरता येते, दुसऱ्याकडे देता येते, दहा जणांना एकदम देता येते. जून २०१५ च्या ईएस२०१५ मध्ये ते भाषेचंच अंग झालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्रोम ४२ मध्ये फेच आलं. एक्सएचआरचं ओबडधोबड काम एका सुबक फंक्शनमध्ये. मागा, प्रॉमिस घ्या. आम्ही पहिल्याच आठवड्यात विचारलं, 'आणि थांबवायचं कसं?' थांबवता येत नव्हतं. सोळा वर्षं जी गोष्ट एका ओळीत होत होती ती नव्या, देखण्या यंत्रात नव्हतीच.

त्या वेळी आम्ही फार चिडलो होतो. 'यांनी कधी खऱ्या ग्राहकासाठी पान केलं आहे का?' अशी भाषा होती. आज वाटतं, मोकळी ठेवलेली ती जागा चुकीच्या वस्तूनं भरलेल्या जागेपेक्षा बरी होती. कारण अडचण खरी होती. प्रॉमिस म्हणजे उत्तर वाचण्याचा हक्क. तेच प्रॉमिस पानावरच्या तीन भागांकडे असेल, आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला थांबवण्याचाही हक्क दिला, तर एकानं नको म्हटलं की बाकी दोघांच्या पायाखालची जमीन जाते. त्यांना कळणारही नाही कुणी ओढली. जुन्या ग्लोबल व्हेरिएबलच्या काळात हा प्रश्न पडला नाही, कारण पानाला एकच मालक होता. चौकट एक, रिक्वेस्ट एक, थांबवणारा एक. आमचा साधेपणा हा आमच्या शहाणपणाचा नव्हता, पानं लहान असण्याचा होता.

काहींनी प्रॉमिसलाच कॅन्सल नावाची मेथड चिकटवली. ती पहिल्याच देन नंतर गळून पडायची, कारण देन नवं प्रॉमिस देतो आणि त्याला जुन्याचं बिऱ्हाड माहीत नसतं. ब्लूबर्ड या लायब्ररीनं किती जण वाट बघताहेत ते मोजून, सगळ्यांनी सोडल्यावरच काम सोडायची पद्धत आणली. विचार पक्का होता, पण भाषेतलं प्रॉमिस तसं नव्हतं. टीसी३९ या भाषेच्या समितीपुढे डॉमेनिक डेनिकोला यांनी रद्द करता येणाऱ्या प्रॉमिसचा प्रस्ताव मांडला. यश आणि अपयश यांच्या शेजारी 'रद्द' ही तिसरी अवस्था असावी का, इथवर चर्चा गेली. डिसेंबर २०१६ मध्ये त्यांनी तो मागे घेतला. विचित्र योगायोग असा, की त्या प्रस्तावातलं कॅन्सल-टोकन अ‍ॅक्सिऑस या लोकप्रिय लायब्ररीनं उचललं होतं, आणि मागे घेतलेल्या प्रस्तावाची ती खूण जगभरच्या कोडमध्ये पुढे पाच वर्षं सुखानं नांदली. २०२१ मध्ये अ‍ॅक्सिऑसनं तिला निवृत्त केलं.

मधल्या दोन-अडीच वर्षांत जो तो आपापली मलमपट्टी करत होता. रिअ‍ॅक्टमध्ये एखादा भाग पडद्यावरून गेला आणि नंतर त्याचं उत्तर आलं की कन्सोलमध्ये लाल इशारा यायचा: काढून टाकलेल्या भागाची अवस्था बदलता येत नाही, स्मृती गळत असावी. तो इशारा गप्प करण्यासाठी लोक प्रॉमिसभोवती एक वेष्टण घालत, ज्यात एक झेंडा असे. 'रद्द' म्हटलं की झेंडा वर. उत्तर आलं की झेंडा बघून फेकून द्यायचं. रिक्वेस्ट मात्र शेवटपर्यंत धावत राहायची. म्हणजे आमचा जुना क्रमांकच, नव्या कपड्यांत. २०२२ च्या रिअ‍ॅक्ट १८ मध्ये तो इशाराच काढून टाकला, कारण तो जेवढी गळती दाखवायचा त्याहून जास्त घबराट पसरवायचा. त्यासाठी लिहिलेले हजारो झेंडे अजून जुन्या कोडमध्ये फडकत असतील.

आणि एक वेगळी वाट होती, ती सांगितली पाहिजे. आरएक्सजेएस वापरणारे त्या काळात आमच्याकडे बघून मंद हसायचे. त्यांच्याकडे ऐकणं बंद केलं की काम बंद, हा मूळ नियम. गावांच्या यादीचा सगळा खेळ त्यांचा स्विचमॅप एका शब्दात करायचा: नवं अक्षर आलं, जुनं सोडा. अँग्युलरच्या एचटीटीपी क्लायंटमध्ये अजून तेच चालतं. मला ती वाट पटली, पण टीममध्ये सगळ्यांना ती शिकवेपर्यंत दुसरं प्रोजेक्ट यायचं.

शेवटी तोडगा निघाला तो प्रॉमिसच्या बाहेर. २०१७ मध्ये डॉमच्या मानकात अ‍ॅबॉर्ट-कंट्रोलर आला. त्या वर्षाअखेर एज १६ आणि फायरफॉक्स ५७ मध्ये, एप्रिल २०१८ मध्ये क्रोम ६६ मध्ये. कल्पना डॉट नेटवाल्यांनी २०१० मध्येच वापरली होती: थांबवणारा एक, आणि थांबायला सांगितलं आहे का ते ऐकणारा दुसरा. कंट्रोलर स्वतःकडे ठेवायचा, त्याचा सिग्नल काम करणाऱ्याच्या हाती द्यायचा. सिग्नल ज्याच्याकडे आहे तो ऐकू शकतो, ओरडू शकत नाही. प्रॉमिस वाचणाऱ्याचं, सिग्नल काम करणाऱ्याचा, कंट्रोलर मालकाचा. तीन वस्तू, तीन हक्क. वर्षभर मला हे उगाच लांबलचक वाटलं, एका अ‍ॅबॉर्टच्या ऐवजी एवढा पसारा. नंतर कधीतरी लक्षात आलं की आता मालक कोण हे कोड वाचूनच कळतं. पूर्वी ते कळायला लिहिणाऱ्याला फोन करावा लागायचा.

मग सोयी येत गेल्या. नोड १५ पासून सर्व्हरवरही तोच कंट्रोलर. इव्हेंट ऐकणारं फंक्शन काढायलाही सिग्नल चालतो. ठरावीक वेळानं आपोआप थांबणारा सिग्नल २०२२ मध्ये क्रोममध्ये आला, अनेक सिग्नलांतला कुठलाही वाजला तरी वाजणारा २०२३ मध्ये. पूर्वी आम्ही सेट-टाइमआउट लावून हातानं अ‍ॅबॉर्ट करायचो आणि उत्तर वेळेत आलं तर तो टाइमआउट काढायला विसरणाऱ्यांची गणतीच नव्हती.

गेल्या वर्षी आमच्याकडे डेटा आणणारा एक सामाईक थर लिहायचं ठरलं. वर पडदे, खाली कधी फेच, कधी ब्राउझरातला इंडेक्स्ड-डीबी, कधी मागं चालणारा वर्कर, काही जुन्या कोपऱ्यांत अजून एक्सएचआर. वरच्यांना खालचं काय आहे ते कळू नये. थोडक्यात एक अमूर्त इंटरफेस. टीममधली एक मुलगी, कामात पक्की, म्हणाली, 'सर, प्रॉमिस आणि कॅन्सल अशी जोडी परत देऊ या ना. सोपं आहे.' मी म्हटलं, 'जोडी घेणारा मधला माणूस कॅन्सल पुढे देतो की खिशात टाकतो, कसं कळणार?' ती म्हणाली, 'सिग्नल पुढे द्यायलाही तो विसरू शकतोच की.' खरं होतं तिचं. फरक एवढाच की सिग्नल वरून खाली जातो, म्हणून जो वर आहे, ज्याला 'नको' म्हणायचं आहे, त्याच्याच हातात सुरुवात राहते. पण दहा फंक्शनांमधून तोच आर्ग्युमेंट पुढे सरकवत न्यायचा कंटाळा येतो, आणि नवव्या फंक्शनाला तो गाळावासा वाटतो, हे मला नाकारता आलं नाही. तिथे टाइपस्क्रिप्ट लावून सिग्नल सक्तीचा केला.

पुढचे वाद बारीकसारीक दिसत होते, पण तिथेच मजा होती. सिग्नल येतानाच वाजून आलेला असेल तर? मग सर्व्हरकडे जायचंच नाही, पहिल्या ओळीतच परत फिरायचं. नुसता इव्हेंट ऐकत बसलात तर तो कधीच येणार नाही, कारण तो होऊन गेला आहे. काम झाल्यावर कान काढून घ्यायचे, नाहीतर दिवसभर उघड्या राहणाऱ्या पानाच्या एका सिग्नलवर हजारो मेलेले कान लोंबकळत राहतात. दोनदा थांबवलं तर दुसऱ्यांदा काही होऊ नये. संपलेलं काम थांबवलं तर तेही मुकाट्यानं चालावं. रद्द झालेल्या कामाचं प्रॉमिस नाकारायचं, पण सिग्नलमधलंच कारण देऊन, म्हणजे वरचा माणूस 'मीच नको म्हटलं' आणि 'वेळ संपली' आणि 'सर्व्हर पडला' हे तीन वेगळे ओळखू शकेल. जेक्वेरीच्या काळातल्या त्या जाता जाता उघडणाऱ्या खिडकीची आठवण मी इथे सगळ्यांना सांगितली. पोरं हसली. नंतर आमच्याच जुन्या एका पानावर तशी खिडकी सापडली.

सर्वांत जास्त वेळ गेला तो सामाईक रिक्वेस्टवर. दोन पडद्यांना एकच यादी हवी असेल तर एकच रिक्वेस्ट जावी. मग एकानं सोडलं तर? हे वडापसारखं आहे: एक प्रवासी मधल्या फाट्यावर उतरला म्हणून जीप माघारी फिरत नाही, शेवटचा उतरला तरच. प्रत्येक मागणाऱ्याला त्याचं स्वतःचं प्रॉमिस, स्वतःचा सिग्नल. खाली एक खरा कंट्रोलर, आणि बसलेल्यांची मोजणी. एकाचा सिग्नल वाजला की त्याचं प्रॉमिस लगेच नाकारायचं, मोजणी एकनं कमी. शून्यावर आली की खरी रिक्वेस्ट सोडायची. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. भांडण पुढे झालं. रिअ‍ॅक्टचा स्ट्रिक्ट मोड विकासाच्या वेळी प्रत्येक भाग एकदा लावतो, काढतो, पुन्हा लावतो. म्हणजे मोजणी एक, शून्य, एक. शून्यावर लगेच सोडलं तर नेटवर्कच्या खिडकीत प्रत्येक पानावर एक लाल, रद्द झालेली ओळ. नव्या मुलांना ती पाहून धडकी भरते. आम्ही शून्यावर आल्यावर क्षणभर थांबायचं ठरवलं. मला अजून ती तडजोडच वाटते.

आणि थांबवता न येणाऱ्या गोष्टी? इंडेक्स्ड-डीबीच्या व्यवहाराला अ‍ॅबॉर्ट आहे. वर्करला संदेश पाठवून 'सोड' सांगता येतं, पण तो एखाद्या लांब लूपमध्ये गुंतला असेल तर लूप संपेपर्यंत त्याच्या कानी काही पडत नाही. मग त्याला मारूनच टाकावं लागतं. आमच्या इंटरफेसनं एवढंच वचन द्यायचं ठरवलं की सिग्नल वाजल्यावर उत्तर तुमच्यापर्यंत येणार नाही. मागचं काम थांबेल असं वचन दिलं नाही. जमेल तिथे थांबवू. जेएसओएनपीच्या वेळी पडलेल्या प्रश्नाला इतक्या वर्षांनी दिलेलं हे उत्तर मला तरी प्रामाणिक वाटतं.

माहिती वाचण्याच्या रिक्वेस्टपर्यंत हे ठीक. पैशांच्या बाबतीत 'नको' म्हणायला आपण आधीपासूनच घाबरतो. तिकीट काढताना 'बॅक किंवा रिफ्रेश दाबू नका' ही ओळ आपण वीस वर्षांपूर्वी वाचत होतो आणि आजही वाचतो. तिच्यामागचं कारण तेच आहे: ब्राउझरनं रिक्वेस्ट सोडली म्हणजे सर्व्हरनं केलेलं काम पुसलं जात नाही. पैसे गेले की नाही हे तुम्हाला कळायचं राहतं, एवढंच. म्हणून आमच्या इंटरफेसमध्ये बदल करणाऱ्या रिक्वेस्टसाठी वेगळं दार ठेवलं. तिथे सिग्नल चालतो, पण रिक्वेस्टसोबत एक कायमची ओळख जाते, म्हणजे पुन्हा विचारलं तर सर्व्हर तेच काम दुसऱ्यांदा करणार नाही, पहिल्याचं काय झालं ते सांगेल.

खालच्या तारेवरही काळ बदलला आहे. जुन्या एचटीटीपीत रिक्वेस्ट सोडायची म्हणजे अख्खं कनेक्शनच तोडायचं आणि पुढच्या वेळी नवं जोडायचं. सोडण्याची किंमत सोडणाऱ्यालाच पडायची. २०१५ च्या एचटीटीपी २ मध्ये एकाच कनेक्शनवर अनेक प्रवाह चालतात आणि त्यातला एक प्रवाह सोडायला एक छोटी चौकट पुरते. कनेक्शन शाबूत. फार छान सोय, आणि तिचाच २०२३ मध्ये हत्यारासारखा वापर झाला. हल्ला करणारे प्रवाह उघडून लगेच सोडत होते, उघडत होते, सोडत होते. सोडलेला प्रवाह मर्यादेत मोजला जात नव्हता, पण सर्व्हरनं काम सुरू केलेलं असायचं. गूगलनं एका सेकंदाला ३९ कोटी ८० लाख रिक्वेस्ट अंगावर घेतल्या. ऑक्टोबरात हे जाहीर झालं आणि सर्व्हर लिहिणाऱ्यांनी घाईघाईनं सोडलेल्यांचीही मोजणी सुरू केली. नको म्हणणं इतकं स्वस्त झाल्यावर त्याचा हिशेब कुणीतरी ठेवावाच लागतो, हे आमच्या त्या दोन कनेक्शनांच्या काळात कुणाला सुचलंही नसतं.

सर्व्हरच्या आत गेल्यावर गोष्ट आणखी खोल जाते. ब्राउझरनं सोडलं हे नोडला कळतं, तो आपल्या सिग्नलनं पुढच्या कामांना सांगू शकतो. पण डेटाबेसला? पोस्टग्रेसमध्ये चालू क्वेरी रद्द करायची तर त्याच कनेक्शनवरून सांगता येत नाही, ते क्वेरीत गुंतलेलं असतं. नवं कनेक्शन उघडून 'त्या अमक्या कनेक्शनवरचं काम सोड' असा निरोप द्यावा लागतो, आणि तो पोचेपर्यंत क्वेरी संपलेलीही असू शकते. आमचा सिग्नल सध्या नोडपर्यंत जातो आणि तिथेच थांबतो. सटाण्याची यादी नको झाली तरी पोस्टग्रेस ती शोधून पूर्ण करतो. पुढच्या तिमाहीत तो निरोपही पाठवायचं त्या मुलीनं अंगावर घेतलं आहे, आणि त्यासाठी वेगळं कनेक्शन राखून ठेवायचं की नाही यावर आमचं अजून ठरलेलं नाही.